एक टक्का उजेड

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी नेमकं काय करत बसतो हे मढच्या मामीला सांगायची वेळ आली, तेव्हा मी म्हटलं, "बॅटरीतला ड्रायव्हर बदलतो." मामी बोंबील वलांडीवर टाकत होती. हात न थांबवता म्हणाली, "बॅटरीन ड्रायव्हर? मंग क्लीनर कवा ठेवतंस?" पुढची दोन वर्षं आमच्या घरात माझ्या या उद्योगाला 'क्लीनर ठेवणं' असंच नाव होतं.

पण शब्द मी तयार केलेला नाही, तो तसाच आहे. हल्लीच्या टॉर्चमध्ये तीन गोष्टी असतात. पुढे एलईडी, मागे लिथियमचा सेल, आणि दोघांच्या मध्ये एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान, सतरा मिलिमीटर व्यासाची गोल पट्टी. तिला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या पिवळ्या बल्बच्या बॅटरीत हे प्रकरण नव्हतं. सेल जोडला की बल्ब पेटायचा, सेल उतरत गेला की बल्ब लाल होत होत विझायचा. एलईडीचं तसं नाही. तिला थोडा जास्त दाब मिळाला तर ती भसाभसा वीज ओढते आणि जळते, थोडा कमी मिळाला तर पेटतच नाही. तेव्हा मध्ये कुणीतरी बसून तिला किती वीज द्यायची हे ठरवावं लागतं. बॅटरी किती प्रखर, किती वेळ चालणार, बटण दाबल्यावर काय होणार, सेल संपताना काय करणार, हे सगळं त्या नाण्याएवढ्या पट्टीवर ठरतं. बाकीची बॅटरी म्हणजे नळी.

मी सीप्झमध्ये एका कंपनीत सर्किट बोर्ड दुरुस्त करतो, राहतो मालाडला. मढ माझं आजोळ. मालाड स्टेशनवरून २७१ नंबरची बस धरली की मार्वे, आक्सा, एरंगळ करत ती मढच्या जेट्टीपर्यंत नेऊन सोडते. दुसरी वाट वेसाव्याहून, खाडी ओलांडून फेरीबोटीने. तिच्यात माणसं, मोटारसायकली आणि माशांच्या टोपल्या एकत्र उभ्या असतात आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे उतरतात. बाहेरच्या लोकांना मढ माहीत असतं ते शूटिंगच्या बंगल्यांमुळे, किंवा किल्ल्यामुळे. किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला, आणि आता हवाई दलाच्या ताब्यात असल्याने आत जाता येत नाही. आमच्या लेखी मढ म्हणजे बंदर, वाळत घातलेले बोंबील आणि मामाची होडी.

मामा डोलीचा तांडेल. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. ते समुद्रात एका जागी बांधून ठेवायचं, तोंड पाण्याच्या ओढीकडे. बाकी काम भरती-ओहोटी करते. पाणी जाळ्यातून वाहत जातं, बोंबील, जवळा, करंदी, मांदेली त्याच्याबरोबर आत येतात आणि शेवटच्या खोळीत साठतात. पाण्याची ओढ थांबली, की ती उलटी फिरण्याआधीच्या थोड्या वेळात खोळ वर घ्यायची, रिकामी करायची. ही वेळ घड्याळ ठरवत नाही, चंद्र ठरवतो, आणि रोज ती पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे पंधरवड्यातली कितीतरी कामं मध्यरात्री, पहाटे, किर्र काळोखात होतात. हलत्या होडीवर, ओल्या फळ्यांवर, हाताने. खोळ उलटली की फळीवर जो ढीग पडतो त्यात फक्त मासळी नसते. पाकट असते, तिच्या शेपटीला काटा असतो. कधी समुद्री साप असतो, आणि त्याचं विष नागाच्या विषापेक्षा खालच्या दर्जाचं नाही. तो ढीग हाताने निवडायचा असतो. बॅटरी कशाला लागते, तर याला.

मामाकडे तेव्हा जी बॅटरी होती ती फेरीबोटीच्या धक्क्यावर विकत घेतलेली होती. डब्यावर कितीतरी हजार लुमेन लिहिलं होतं. हे आकडे कुणी तपासत नाही, म्हणून ते वाढत जातात. सेलवर ९९०० एमएएच छापलं होतं. १८६५० नावाचा हा सेल, अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब, चांगल्या कारखान्यातून आला तरी ३५०० च्या आसपास थकतो. मामाच्या सेलमध्ये मी मोजले तेव्हा ११०० होते. पण मामाची तक्रार सेलबद्दल नव्हती. "बॅटरी नाचते," तो म्हणाला.

नाचते म्हणजे काय, हे मी बटण दाबून पाहिलं तेव्हा कळलं. एकदा दाबलं की पूर्ण प्रखर. पुन्हा दाबलं की मध्यम, मग मंद, मग पिसाट लुकलुक, मग एसओएस. बंद करून परत लावली की मागच्या वेळी जिथे होती त्याच्या पुढचा खेळ. म्हणजे खोळ वर येते आहे, एका हातात दोर आहे, दुसऱ्या हाताने बॅटरी लावली आणि ती लुकलुकायला लागली. लुकलुकत्या उजेडात हलती वस्तू तुकड्यातुकड्यांत दिसते. साप इथे दिसतो आणि मग तिथे दिसतो. शिवाय समुद्रात लुकलुकण्याला अर्थ असतो. जहाजांची टक्कर टाळण्यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले, त्यातल्या छत्तिसाव्या नियमात लक्ष वेधून घेण्यासाठी प्रखर, उघडझाप करणारे दिवे वापरणं टाळावं असं स्पष्ट म्हटलेलं आहे. एसओएसचा अर्थ तर पोरंही जाणतात. आणि धक्क्यावरच्या स्वस्तातल्या बॅटरीत या दोन्ही गोष्टी फुकट घातलेल्या असतात, कारण डब्यावर 'पाच मोड' लिहिता येतं.

मी मामाला विचारलं, तुला कशी हवी. मला वाटलं होतं तो म्हणेल, लांब पडणारी. बॅटऱ्यांचा नाद असलेल्या माणसांची ती पहिली मागणी असते. उजेड किती मीटर जातो यावर आमच्यात भांडणं होतात. जगभर बॅटरीच्या पल्ल्याचा जो आकडा छापतात तो असा काढलेला असतो, की ज्या अंतरावर उजेड पाव लक्स उरतो तिथे पल्ला संपला. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. मला हे फार आवडतं. एवढी यंत्रं करून शेवटी माप चंद्राचंच.

मामा म्हणाला, "मना लांब बगायचं नाय. मना हातातलं बगायचं हाय." मग एकेक करत त्याने अटी घातल्या, आणि त्या मी तिथेच सिगरेटच्या पाकिटावर लिहून घेतल्या. लावल्यावर पहिल्यांदा नेहमी मंदच लागली पाहिजे, आधी कशीही सोडलेली असो. नाचता कामा नये. बोय शोधायला थोडा वेळ जोराचा उजेड, पण तो मुद्दाम मागितल्याशिवाय येऊ नये. आणि बॅटरीने मरताना सांगून मरावं, एकदम जाऊ नये.

बाजारात अशी बॅटरी त्या वेळी मिळाली नसती असं नाही. अमेरिकेत, युरोपात, चीनमध्ये या नादाची माणसं आहेत, त्यांनी ड्रायव्हरसाठी खुले प्रोग्रॅम लिहिलेले आहेत. त्यातला अँड्युरिल तर इतका भरगच्च आहे की त्याच्या सूचनांचा नकाशा वेगळा काढावा लागतो. एकदा दाबा, दोनदा दाबा, तीनदा दाबून धरा, वादळासारखी वीज चमकवा, मेणबत्तीसारखी थरथरवा. मामाच्या ओल्या, दोराने सोललेल्या बोटांना यातलं काही नको होतं. तेव्हा मीच करायचं ठरवलं.

सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत गेलं की सुरू होतं ते. रस्त्याचं नाव कधीच डॉ. भडकमकर मार्ग झालेलं आहे, पण कपॅसिटर घ्यायला जाणारा कुणी भडकमकर मार्गावर जात नाही. ड्रायव्हरच्या पट्ट्या आणि रिकाम्या नळ्या मात्र चीनमधून मागवल्या. पट्टीवर ७१३५ नावाच्या आठ चिपा होत्या. ही चिप फार सज्जन आहे. तिला एकच काम येतं: साडेतीनशे मिलिअँपिअर वीज जाऊ द्यायची, त्याच्यावर नाही. आठ मिळून २.८ अँपिअर. या आठांना हुकूम देणारी नववी चिप अ‍ॅटटायनी १३, आणि खरा ड्रायव्हर म्हणायचं तर ती. तिच्यात प्रोग्रॅमला १०२४ बाइटची जागा आहे. देवनागरी अक्षराला संगणकात सहसा तीन बाइट लागतात, म्हणजे तुम्ही आत्ता वाचता आहात तो परिच्छेददेखील तिच्या डोक्यात मावणार नाही.

कारखान्याने आठही चिपा एकाच दोरीला बांधलेल्या असतात. मंद उजेड हवा असेल तर सगळ्या मिळून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायच्या, की डोळ्याला सरासरी मंद वाटतं. स्वस्त बॅटरीत ही उघडझाप सावकाश असते, आणि मग पडते थेंब तुटक मण्यांसारखे दिसतात. नळाखाली धरून बघा, लगेच कळतं. मी एका चिपेचा पाय सुईने उचलून वेगळा केला आणि केसाएवढ्या तारेने नवव्या चिपेच्या दुसऱ्या टोकाला जोडला. आता एक वेगळी आणि सात वेगळ्या. एकटीच पूर्ण चालू ठेवली तर साडेतीनशे मिलिअँपिअर, काही उघडझाप नाही, आणि तीन हजाराचा सेल आठ तास चालतो. तीच एकटी जेमतेम आठ टक्के वेळ चालू ठेवली की एकूण ताकदीच्या एक टक्का होतो. तो उजेड हिशेबाने शंभर तास पुरतो. आठही लावल्या की तासाभरात सेल संपतो आणि नळी हातात धरवत नाही, कारण शेवटी त्या विजेची बहुतेक ऊब होते.

एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. पण डोळा वाणी नाही, तो मोजून घेत नाही. शंभराव्या हिश्शाचा उजेड त्याला साधारण पाचव्या हिश्शाएवढा वाटतो. आणि तेही उजेडातून आलेल्या डोळ्याला. काळोखात वीस-तीस मिनिटं राहिलेला डोळा वेगळाच असतो. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी आहेत. एक रंग पाहतात, त्यांना उजेड लागतो. दुसऱ्या दंडुक्यासारख्या, रंगाला आंधळ्या, पण काळोखात चालणाऱ्या. त्यांच्यातलं एक रसायन उजेडाने विरतं आणि काळोखात हळूहळू पुन्हा भरतं. भरायला अर्धा तास, विरायला एक झोत. मामा हे रसायन वगैरे काही म्हणत नाही. तो म्हणतो, "उजेड मारला का काळोख वाढतो." होडीवर कुणी पोराने तोंडासमोर झोत मारला, तर पुढचा अर्धा तास होडीबाहेरचं काही दिसत नाही. दुसरी बिनदिव्याची होडी, तरंगता ओंडका, बोय, सगळं काळ्यात काळं.

त्यात मढचा काळोख आता तसाही उरलेला नाही. समुद्रातून किनाऱ्याकडे पाहिलं की वेसावा-अंधेरीचे टॉवर पेटलेले असतात, त्या झगमगाटात एखाद्या होडीचा लाल-हिरवा दिवा ओळखता येत नाही. आमच्या बाजूला बंगल्यांवर रात्रीचं शूटिंग असलं की जनरेटरच्या गाड्या गल्लीत लागतात आणि माडांच्या शेंड्यांवर खोटा दिवस उगवतो. मामी म्हणते, कोंबडे आरवतात. मी ऐकलेलं नाही, पण मामी म्हणते.

प्रोग्रॅम लिहायला मला पावसाळा पुरला. जून आणि जुलै हे दोन महिने आमच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झाकलेल्या, बापये जाळी शिवत बसलेले. मीही त्यांच्यात बसून डाग देत होतो. प्रोग्रॅममधली एक युक्ती सांगायचा मोह आवरत नाही. बटण मागे असतं आणि ते थेट वीज तोडतं. अर्धवट दाबून सोडलं की वीज क्षणभर जाते आणि परत येते. मग चिपेला कसं कळायचं, की हे नुसतं टिचकी मारणं होतं की बॅटरी खरंच बंद करून तासाने लावली? तर स्मृतीच्या एका कोपऱ्यात एक आकडा लिहून ठेवायचा. वीज क्षणभरच गेली असेल तर तो पुसला जात नाही. जास्त वेळ गेली तर तिथे कचरा उरतो. आकडा शाबूत दिसला, की समजायचं टिचकी होती, पुढच्या पायरीवर जा. कचरा दिसला, की आपण नव्याने जागे झालो, एक टक्क्यापासून सुरू करा. मामाची पहिली अट अशी विसरण्यावर उभी आहे.

पायऱ्या तीनच. एक टक्का, एक चिप, आठ चिपा. लुकलुक नाही. सेल ३.३ व्होल्टला आला की पूर्ण उजेड मिळणं बंद. ३.० ला आला की दोनदा डोळा मिचकावून एक टक्क्यावर, आणि तिथे सेलला इजा होईपर्यंत नाही, पण बंदरात येईपर्यंत चालत राहते. पट्टीवर नेलपॉलिशचे दोन हात दिले (मामीच्या सुनेचं, गुलाबी), आट्यांना सिलिकॉनचं ग्रीस, रबराच्या कड्या नव्या. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि स्प्रिंगचं लोखंड एकत्र आलं की पांढरी भुकटी व्हायला वेळ लागत नाही.

नारळी पौर्णिमेनंतर मामा ती घेऊन गेला. परत आल्यावर काही बोलला नाही. आठवड्याने दुसऱ्या दोन तांडेलांनी मला जेट्टीवर गाठून विचारलं, की ती न नाचणारी बॅटरी कितीला. तेव्हा कळलं.

मामीची गोष्ट वेगळी. मामाची मासळी बहुतेक सुकवायला जाते. पापलेट, सुरमई, रावस असली मोठी मासळी मामी भाऊच्या धक्क्यावरून घेते आणि मालाडच्या बाजारात विकते. म्हणजे पहाटे तीन-चारच्या सुमाराला, हजार माणसांच्या गर्दीत, पाण्यात उभं राहून, लिलावाच्या ओरड्यात अर्ध्या मिनिटात ठरवायचं, की ही टोपली घ्यायची की नाही. मासा ताजा आहे का हे कल्ला उचलून बघतात. लालभडक असला तर ताजा, विटकरी-तपकिरी झाला तर शिळा. पापलेटचं निराळं, त्याचा कल्ला दाबून पांढरं पाणी येतं का बघायचं. मामीची तक्रार अशी, की पिवळे बल्ब गेले आणि पांढरे आले तेव्हापासून तिला लाल नीट दिसत नाही. डोळे तपासून झाले होते, मोतीबिंदू नव्हता. सुनेने तर वय झालं असं सांगून विषय संपवला होता.

मामीचे डोळे ठीक होते. पांढरी एलईडी मुळात पांढरी नसतेच. ती निळी असते आणि तिच्यावर पिवळसर भुकटीचा थर असतो. निळं आणि पिवळं मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. ही निळी एलईडी करायला माणसांना इतकी वर्षं लागली, की ती करणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण या मिश्रणात गडद लाल जवळजवळ नसतो. उजेडात जो रंग नाही तो कल्ल्यावरून परत तरी कुठून येणार? उजेड रंग किती खरे दाखवतो याचा एक गुण छापलेला असतो, शंभरपैकी. तो आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल त्या आठांत नाही. त्याचा गुण वेगळा, नववा, आर-नाइन म्हणतात. स्वस्त पांढऱ्या एलईडीत तो बऱ्याचदा शून्याच्याही खाली जातो. सरासरी सत्तर गुण मिळवून पास झालेला दिवा मासळीबाजारात नापास असतो, आणि ज्या बाईला हे रोज सोसावं लागतं तिला सगळे सांगतात, तुझं वय झालं.

नाकामुरा ज्या कंपनीत होते त्याच निचिया कंपनीची, लालासाठी मुद्दाम केलेली, आर-नाइन ऐंशीच्या वर असलेली एलईडी मिळते. लहानशी असते, महाग असते, आणि तिचा उजेड डब्यावरच्या आकड्यात कमी भरतो. मी ती तांब्याच्या पट्टीवर बसवली, मामाचाच ड्रायव्हर घातला, फक्त पहिली पायरी एक चिपेची ठेवली, कारण धक्क्यावर काळोख नसतो. मामीने घरातच सुरमईचं डोकं घेऊन जुनी बॅटरी आणि नवी बॅटरी आलटून पालटून मारली. मग सुनेला हाक मारली. "बग," म्हणाली, "माजा वय." त्यानंतर 'क्लीनर' हा शब्द घरातून गेला.

हे सगळं चालू असताना मढमध्ये 'एलईडी' ही शिवी होती. ती आजही आहे. कारण समुद्रात एलईडी म्हणजे बॅटरी नाही. मोठ्या पर्ससीन बोटींवर जनरेटर बसवून किलोवॉटच्या हिशेबाने दिवे पाण्यावर सोडतात, काही पाण्याखाली. उजेडाभोवती बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे मासे, मोठ्यांच्या मागे आणखी मोठे. मग त्या सगळ्याभोवती जाळं फिरवून खालून आवळायचं. पिल्लं, अंडी भरलेल्या माद्या, सगळं एकदम. डोलीवाला पाणी जे आणील त्याची वाट पाहत एका जागी बसलेला असतो. त्याच्याकडे यायचं ते वाटेतच उचललं जातं. १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्र सरकारने आदेश काढून असल्या दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अंमल; महाराष्ट्राने आपल्या १९८१ च्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा करून दंड वाढवले. तरी रात्री क्षितिजावर पांढरा उजाळा दिसतो. मामा त्याला 'वस्ती' म्हणतो.

अशा बोटी पूर्वीही होत्या, पण जुने दिवे इतकं डिझेल खायचे की हिशेब बसायला कठीण जायचं. एलईडी आली आणि बसला. मामाचा एक टक्का शंभर तास चालतो तो ज्या गुणामुळे, त्याच गुणामुळे ती वस्ती क्षितिजावर उभी राहते. हे मला माझ्या टेबलावर बसून कळत होतं, पण ते मामेभावाच्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती.

तो मामाचा धाकटा. डोलीवर तीन हंगाम काढले आणि मग दक्षिणेकडच्या एका पर्ससीन बोटीवर खलाशी म्हणून गेला. घरावर कर्ज होतं, आणि त्या वर्षी बोंबील इतका कमी आला होता की वलांड्या अर्ध्या रिकाम्या होत्या. गणपतीला घरी आला तेव्हा त्याने माझ्यापुढे मोबाइलवरचा एक फोटो धरला. पाण्याखाली सोडायच्या दिव्याचा जळालेला ड्रायव्हर. "नवा चायनावरून मागवला तर महिना जातो. तुला येतो ना करायला? नाखवा सांगशील ते पैसे देईल." फोटोतली पट्टी मला वाचता येत होती. काय जळलंय तेही दिसत होतं. दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, मी करणार नाही. तो म्हणाला, "का? तुझी एलईडी गंगेची आणि आमची गटाराची?" मी बंदीचं बोललो. तो म्हणाला, बंदी ट्रॉलरवर पण काय काय आहे ते सांगू का. मी पिल्लांचं बोललो. तो हसला, आणि म्हणाला, डोलीच्या बारीक आसाच्या खोळीत पिल्लं येत नाहीत का? येतात. हे खरं आहे, आणि मढमध्ये ते मोठ्याने बोलत नाहीत.

मामा जेवत होता. मला वाटलं तो पोराला झापेल. तो म्हणाला, "मी तुज्याएवरा होतो तवा खारीन बत्ती घेऊन चिंबोऱ्या पकडायचो. अवसेला. चिंबोरी उजेडाला थबकते." थोडं थांबून त्याने हात उचलून दाखवला, आमटीने माखलेला. "पन एका हातान बत्ती. दुसरा हातच रिकामा. त्यान मावतील तेवढ्याच." मग ताट सरकवून उठला. मामेभाऊ काही बोलला नाही. मीही ड्रायव्हर केला नाही. त्यांच्या नाखव्याने तो कुठूनतरी करून घेतलाच असणार, लॅमिंग्टन रोडवर मी काही एकटा नाही.

जाताना मात्र मी त्याला एक बॅटरी दिली. मामाच्यासारखीच, एक टक्क्यापासून सुरू होणारी. त्याने घेतली.

तोवर मी प्रोग्रॅममध्ये एक भर घातली होती. अ‍ॅटटायनीत वीज गेली तरी न पुसणारी चौसष्ट बाइटची जागा असते. बॅटरी कुठल्या पायरीवर किती वेळ चालली, हे तिथे दर दहा मिनिटांनी साठवायचं. मला बघायचं होतं, की लोक जो उजेड मागतात आणि जो वापरतात त्यांत किती अंतर असतं. दहा मिनिटांच्या आतलं सुटतं, पण ढोबळ चित्र मिळतं. हंगाम संपला, होड्या वर आल्या, आणि जूनमध्ये मी सगळ्यांच्या बॅटऱ्या रबरं बदलायला गोळा केल्या. पट्टीवर चिमटा लावून आकडे वाचले. मामाची एक टक्क्यावर चारशे दहा तास. एका चिपेवर सव्वीस. पूर्ण उजेडावर तीन तास, आणि तेही बहुतेक एकाच रात्रीत, बोय तुटून वाहून गेली होती तेव्हा. दुसऱ्या दोन तांडेलांचं थोड्याफार फरकाने हेच. मामीची एका चिपेवर, रोज तासभर, नेमाने; तिचे आकडे बघून रविवार ओळखता आले असते.

मामेभावाची शेवटी उघडली. आट्या मिठाने पांढऱ्या झाल्या होत्या, नळी फिरेना, कापड गुंडाळून पकडीने सोडवावी लागली. मी आकडा दोनदा वाचला, चिमटा नीट बसला नाही असं वाटून. अख्ख्या हंगामात, तिन्ही पायऱ्या मिळून, पन्नास मिनिटं.

"वापरलीच नाहीस की रे," मी म्हटलं.

तो पायरीवर बसून जाळ्याच्या फाटक्या भागातून सुई ओढत होता. "तिथे काळोख असतोच कुठे," तो म्हणाला. मग म्हणाला, चांदण्याचे दिवस आले की दिव्यांना मासा लागत नाही, तेव्हा बोट बंदरात उभी असते, दिवे बंद. तेव्हा एकदा इंजिनाखाली त्याची अंगठी पडली होती, ती शोधायला लावली होती.

"मिळाली?"

"नाही. पण एक टक्क्यात शोधत होतो," तो म्हणाला. "पुढचं बटण दाबायचं ध्यानातच आलं नाही."

मी आट्या ब्रशने घासल्या, ग्रीस लावलं, अठरा मिलिमीटरची नवी कडी घातली. सेल तीन पूर्णांक नऊवर होता, चार्ज करायचीही फारशी गरज नव्हती.